गरुडाचा कायाकल्प

हल्ली आपल्याकडे गरुडावाचून व्याख्यान पुरे होत नाही. शाळेचे स्नेहसंमेलन असो, पतपेढीची वार्षिक सभा असो, की कारखान्यातील नोकरवर्गाचे शिबिर असो. वक्ता उभा राहतो, घसा साफ करतो, श्रोत्यांकडे करुणेने पाहतो आणि गरुडास हाक मारतो. पूर्वी ह्या पक्ष्यास एकट्या विष्णूचे ओझे वाहावे लागे. आता अखिल महाराष्ट्राच्या आत्मोन्नतीचे ओझे त्याच्या पाठीवर चढविण्यात आले आहे. भ्रमणध्वनीवरून तर पहाटेच्या सुविचारांबरोबर त्याची कथा घरोघर पोचते, आणि ज्यांच्याकडून ती आली त्यांच्याकडेच चार दिवसांनी फिरून परत जाते.

कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. तरी प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे हा वादाचा जुना शिष्टाचार आहे, तो आम्ही पाळतो. गरुड म्हणे 70 वर्षे जगतो. परंतु चाळिशीत त्याची नखे लुळी पडतात, चोच वाकून निकामी होते आणि पिसे जड होऊन अंगास चिकटतात. मग त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: एक मरण, दुसरा 150 दिवसांची घोर तपश्चर्या. शूर गरुड दुसरा मार्ग पत्करितो. उंच कड्यावर जाऊन तो खडकावर चोच आपटून ती पाडतो. नवी चोच आली की तिने नखे उपटतो. नवी नखे आली की त्यांनी अंगावरील पिसे उपटतो. पाच महिन्यांनी नवी पिसे लेवून तो आकाशात झेपावतो आणि पुढे आणखी 30 वर्षे सुखाने जगतो. येथे वक्ता क्षणभर थांबतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

ह्या कथेतून गरुड हे नाव काढून घेतले तर सत्याचा अंश म्हणून मागे काही उरत नाही. पण दोष एवढाच असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. खोट्या कथा जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक गोडही आहेत. आमचा आक्षेप निराळा आहे. ही खोटी कथा एका खऱ्या गोष्टीची जागा अडवून बसली आहे. ती खरी गोष्ट हिच्याहून सुंदर आहे. आणि हिच्यातून निघणारा उपदेश त्या खऱ्या गोष्टीच्या नेमका उलटा व ऐकणाऱ्यास अपायकारक आहे. ही तीनही विधाने आम्ही क्रमाने सिद्ध करू.

प्रथम वयाचा हिशेब. अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या पायांत कडी घालून त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. वन्य स्थितीत त्यांतील सर्वांत वृद्ध म्हणून नोंदला गेलेला पक्षी 1977 साली पिलू असताना कडी घातलेला होता. तो 2015 साली न्यूयॉर्क संस्थानात वाहनाची धडक बसून मेला. वय 38 वर्षे. म्हणजे आमच्या वक्त्यांच्या हिशेबी जेथून त्याचे अर्धे आयुष्य सुरू व्हावयाचे, तेथवर हा गरुडांतील भीष्म पोचलाही नव्हता. चोचीचे म्हणावे तर तिच्या आत हाड असते व वर नखासारखे कवच असते. ते कवच जन्मभर वाढत राहते आणि भक्ष्य फाडताना व फांदीवर घासताना जन्मभर झिजत राहते, नखांचेही तसेच. ज्याने चोच मुळापासून मोडली तो पक्षी नवी येण्याची वाट पाहण्याइतका काळ जिवंतच राहणार नाही. पाच महिने अन्नावाचून राहण्याचे सामर्थ्य योगवासिष्ठातील पात्रांस असेल, गरुडास नाही.

आता पिसांकडे वळू, कारण कथेचा प्राण पिसांत आहे. पीस एकदा पुरते वाढले की आपल्या केसांप्रमाणे निर्जीव होते. ते उन्हाने विटते, वाऱ्याने झिजते, त्याच्या कडा फाटतात. पण आतून त्याची दुरुस्ती होत नाही. मोडलेले हाड सांधते, फाटलेली कातडी भरून येते, पीस मात्र बदलावेच लागते. तेव्हा जुने टाकून नवे घेण्याची गरज गरुडासही आहे, हे आम्हास सर्वथा मान्य आहे. वाद आहे तो ते घेण्याच्या रीतीविषयी.

सोनेरी गरुडाचे उदाहरण घेऊ. हिमालयापासून युरोप व उत्तर अमेरिकेपर्यंत आढळणारा हा पक्षी पंख पसरले असता सुमारे दोन मीटर भरतो. प्रत्येक पंखाच्या टोकाकडे 10 लांब पिसे असतात. घिरट्या घालताना हाताच्या बोटांप्रमाणे फाकलेली दिसतात ती ह्यांतलीच. त्यांच्या आत, कोपराच्या बाजूस, आणखी पंधराहून अधिक पिसांची रांग असते. टोकाकडील मोठे पीस अर्ध्या मीटरच्या आसपास लांब असते, आणि वाढताना ते दिवसाला सेंटीमीटरभरही पुढे सरकत नाही. पुरे व्हावयास त्यास दोन-तीन महिने लागतात. आता गणित सोपे आहे. दहाही पिसे एक पुरे झाल्यावर दुसरे अशा क्रमाने बदलावयाची म्हटली तर दोन वर्षे सहज उलटतील. सगळी एकदम टाकावी तर दोन-तीन महिने उडता येणार नाही. आणि जो गरुड उडत नाही त्यास खावयास मिळत नाही.

हा पेच चिमणीपुढे नाही. तिची आखूड पिसे एका हंगामात बदलून होतात. तो मोठ्या पक्ष्यांपुढेच का उभा राहतो, ह्याचे उत्तर अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे सीव्हर्ट रोव्हर व त्यांचे सहकारी ह्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले आहे. लहानमोठ्या अनेक पक्ष्यांची मापे घेऊन त्यांनी दाखविले की शरीराचे वजन दसपट झाले तर पिसाची लांबी सुमारे दुप्पट होते, परंतु पीस वाढण्याचा वेग जेमतेम दीडपट होतो. थोरवी वाढते तशी गरज वाढते, पण गरज भागविण्याची गती त्या मानाने वाढत नाही. आकाशातील प्रत्येक मोठा पक्षी ह्या तुटीच्या अंदाजपत्रकावर संसार करीत आहे.

ह्यावर निसर्गाने काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. पिलू घरट्याबाहेर पडते तेव्हा त्याच्या पंखातील सर्व पिसे एका वयाची असतात. दुसऱ्या वर्षी त्या दहांतील सर्वांत आतले पीस गळते. त्याच्या जागेचे नवे पीस बरेचसे वाढले की त्याच्या शेजारचे गळते, मग त्याच्याही शेजारचे. अशी एक लाट आतून टोकाकडे निघते. हिवाळा आला, अन्न दुर्मीळ झाले, की ती असेल तेथे थांबते. तोवर तीन-चार पिसे झाली असतील, फार तर पाच. पुढच्या वसंतात ती थांबली तेथून पुढे चालू लागते आणि त्याच वेळी आतून दुसरी लाट निघते. पुढे एकाच पंखात अशा दोन, कधी तीन लाटा एकमेकींपासून अंतर राखून चालत असतात. अंतर राखल्यामुळे पंखास मोठे खिंडार कोठेच पडत नाही. दोन-तीन लहान खाचा तेवढ्या दिसतात. डाव्या पंखातील पीस गळले की त्याच्या जोडीचे उजव्यातीलही बहुधा आगेमागे गळते, म्हणजे तोलही फारसा बिघडत नाही. एर्विन श्ट्रेसमान व त्यांच्या पत्नी वेस्टा ह्यांनी 1966 साली पक्ष्यांच्या पिसे पालटण्यावर जर्मन भाषेत एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या रीतीचे जर्मन नाव शास्त्रात रूढ झाले आहे, आणि त्याचा अर्थच मुळी 'टप्प्याटप्प्याची पिसगळ' असा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की जुने पीस कोणी उपटीत नाही. त्याच्याच मुळाशी नवे पीस धरते, वाढू लागते, आणि त्या वाढीनेच जुने बाहेर ढकलले जाते. नव्याचा अंकुर फुटल्यावाचून जुने जागा सोडीत नाही. प्रौढ गरुडाचा पंख जवळून पाहिला तर यंदाची गर्द रंगाची, गेल्या वर्षाची किंचित विटलेली आणि त्याच्याही पूर्वीची पार तपकिरी झालेली अशी पिसे एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. तेव्हा अमुक दिवसापर्यंत जीर्ण गरुड आणि तमुक दिवसापासून नवा गरुड, असे दोन गरुड सृष्टीत नाहीतच. आहे तो एकच. थोडा जुना, थोडा नवा, आणि सदैव उडता.

उपवासाविषयी बाजदारांस विचारावे. शिकारी पक्षी पाळण्याची कला आशियात व युरोपात शेकडो वर्षे चालत आली आहे. पिसे पालटण्याच्या काळात ससाण्यास शिकारीस न नेता निवांत जागी ठेवावे आणि पोटभर मांस घालावे, हा त्या कलेतील जुना नियम. लंडनमध्ये राजाचे ससाणे ठेवण्याच्या जागेस जे नाव होते ते पिसे झडण्याच्या क्रियेवरूनच पडले होते. पुढे तेथे घोड्यांच्या पागा आल्या तरी नाव टिकले. पोटभर घालण्याचे कारण उघड आहे. पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनाचे बनलेले असते, आणि ते वाढत असताना पक्ष्याची उपासमार झाली तर त्यावर आडवी क्षीण रेघ उमटते. पुढे पीस नेमके तेथेच मोडते. उपाशी गरुडाची नवी पिसे त्यास पुढच्या 30 वर्षांकडे नेण्याऐवजी पहिल्या वादळातच दगा देतील. शिवाय वाढत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते, आणि पिसे ओरबाडून काढली तर ज्या मुळातून नवे यावयाचे ते मूळच दुखावते. आमचे वक्ते ज्यास तपश्चर्या म्हणतात त्यास पशुवैद्य जखम म्हणतील.

सर्व पिसे एकदम टाकणारे पक्षी जगात नाहीतच असे आम्ही म्हणत नाही. हंस, कलहंस व बहुतेक बदके वर्षातून एकदा उड्डाणाची सर्व पिसे एकदम टाकतात आणि काही आठवडे जमिनीस खिळून राहतात. त्यांस ते परवडते, कारण त्यांचे अन्न पाण्यात व काठावर पायापाशीच असते आणि संकट आले तर पोहून जाता येते. दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीतील धनेशाचे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते, आणि धनेशांच्या अनेक जातींत त्या बंदिवासातच तिची उड्डाणपिसे एकदम गळून नवी येतात. आता आमच्या कथेतील तपस्व्याशी काही साम्य असेल तर ते हिचेच. आणि गंमत अशी की कोकणात थोरल्या धनेशास लोक गरुड असेही म्हणतात! परंतु ही तपस्विनी जगते कशी? नर दिवसभर रानात हिंडून फळे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवितो. ज्यास उडणे थांबवावयाचे आहे त्याच्यासाठी दुसऱ्या कोणास तरी दुप्पट उडावे लागते, हा सृष्टीचा नियम आहे. कथाकार तो लपवितो.

कथा आली कोठून, हेही पाहू. म्हाताऱ्या गरुडाची वरची चोच वाढून वाकते, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या प्राणिवर्णनात आहे. पण त्याने पुढे त्या गरुडास प्रामाणिकपणे उपासमारीने मरू दिले आहे. चवथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती धर्मवेत्ता ऑगस्टीन ह्याने त्या गरुडास खडकावर चोच घासावयास लावून वाचविले, कारण त्यास धर्मगीतातील एका ओळीचा अर्थ लावावयाचा होता. युरोपातील जुन्या प्राणिकथांनी त्यास सूर्याजवळ नेऊन त्याची पिसे जाळविली आणि झऱ्यात तीन बुड्या मारविल्या. तेथे निदान सर्वांस ठाऊक होते की हे रूपक आहे. त्या रूपकाचे धार्मिक वस्त्र काढून घेऊन त्यावर दिवसांचे व वर्षांचे आकडे डकविले की आमचे आजचे 'शास्त्रीय सत्य' तयार होते.

आणि आमच्या पुराणांचे काय? महाभारताच्या आदिपर्वात गरुड अमृत घेऊन निघाला असता इंद्राने त्यावर वज्र टाकले. ज्या ऋषीच्या अस्थींचे ते वज्र त्याचा मान राखण्यासाठी गरुडाने आपले पीस टाकले, किती? एक. आणि उड्डाण न थांबविता तो पुढे गेला. रामायणात पिसे सर्वस्वी गमावलेला पक्षी आहे तो संपाती. धाकट्या जटायूस सूर्याच्या तापापासून वाचविताना त्याचे पंख जळाले, तो विंध्य पर्वतावर पडला, आणि तेथे त्यास जगविले ते त्याच्या सुपार्श्व नावाच्या मुलाने, रोज अन्न आणून. आमच्या कवींस पक्षिशास्त्र ठाऊक नसेल, पण पिसे नसलेल्या पक्ष्यास कोणी तरी घास घालावा लागतो एवढे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी होते.

आता कोणी म्हणेल, नीतिकथेस एवढी शास्त्राची कसोटी कशास? पंचतंत्रातील कावळा बोलतो तो खरा का? ह्यास आमचे उत्तर असे. पंचतंत्रातील कावळा बोलू लागला की लहान मूलही समजते की ही गोष्ट आहे. म्हणून ती कोणास फसवीत नाही. प्रस्तुत कथा मात्र सृष्टिविज्ञानाचा वेष घेऊन येते. श्रोत्यास पटावे म्हणून नव्हे, तर श्रोत्याचे तोंड बंद व्हावे म्हणून ती आकडे सांगते. 'गरुड करतो, मग तुला काय झाले?' हा तिचा खरा शेवट आहे.

हा शेवट कसा वापरला जातो ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयातील एक गृहस्थ एका कारखान्याच्या हिशेबखात्यात वीस वर्षे होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांस व त्यांच्या बरोबरीच्या काहींस एका उपाहारगृहाच्या दिवाणखान्यात बोलाविण्यात आले. चहा झाला, व्याख्याता आला, गरुड आला. गरुडाने चोच मोडली, पिसे उपटली आणि झेप घेतली. मग पाकिटे वाटण्यात आली. त्यांत नोकरी संपल्याची पत्रे होती. हे गृहस्थ घरी न जाता आमच्याकडे आले. बराच वेळ गप्प बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ते दीडशे दिवस गरुडाच्या पिलांना कोण हो घालत होतं?" घरी वृद्ध आई, शिकत्या दोन मुली, आणि घराचे हप्ते. पुढे कित्येक महिने त्यांस असे वाटत राहिले की आपल्यावर झालेला हा आघात नसून आपल्या धैर्याची परीक्षा होती, आणि आपण तीत नापास झालो. दुसऱ्याने पिसे उपटावी आणि वर ते तुमचेच तप होते असे सांगावे, ह्याहून अधिक निर्दय चेष्टा आम्हास ठाऊक नाही.

येथे आम्हीही गरुडाच्या पाठीवर बसून उपदेश करू लागलो की काय, अशी शंका वाचकांस येईल. गरुड आमच्या शिक्षणासाठी पिसे टाकीत नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. पण पक्ष्यांपासून धडा घ्यावयाचाच असेल तर तो खऱ्या पक्ष्यापासून घ्यावा, एवढेच आमचे मागणे. मुले शाळेत गेल्यावर दुपारी अभ्यास करून चाळिशीत पदवी घेणारी गृहिणी, दिवसाची नोकरी सांभाळून रात्रीच्या वर्गात नवा धंदा शिकणारा कारकून, ही माणसे आपल्या घरांतून आहेत. त्यांच्यावर कोणी व्याख्यान देत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात कडा नाही, रक्त नाही, टाळ्यांची जागा नाही. यंदा एक पीस, पुढल्या वर्षी दोन. वाईट वर्ष आले की थांबावयाचे आणि नंतर थांबलो तेथूनच पुढे निघावयाचे. ह्या थांबण्यास कोणी भीरुता म्हणू नये. ह्या रीतीची किंमत पक्षीही मोजतात. पॅसिफिक महासागरावर विहरणाऱ्या लेसान अल्बट्रॉसमध्ये पुरेशी पिसे बदलली नसतील तर पक्षी कधी कधी एक वर्ष अंडीच घालीत नाही. पण त्या वर्षीही तो उडत असतो.

ह्या कथेने आणखी एक नुकसान केले आहे. तिने आम्हास वर पाहण्याच्या श्रमातून मुक्त केले. 1990 नंतरच्या पंधराएक वर्षांत भारतातील गिधाडांच्या तीन जाती शेकडा 90 हून अधिक नष्ट झाल्या. गुरांस दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी करी, हे 2004 साली उघड झाले, आणि 2006 साली भारत सरकारने गुरांसाठी त्याच्या उत्पादनास बंदी केली. तोवर गावोगावच्या ओसाड माळांवरून ते प्रचंड पंख नाहीसे झाले होते. कित्येकांस ते गेल्याचे कळलेही नाही. आपण तेव्हा नसलेल्या गरुडाच्या नसलेल्या तपश्चर्येस टाळ्या देण्यात गुंतलो होतो.

तेव्हा आमची सुज्ञ वाचकांस विनंती आहे की पुढल्या वेळी ही कथा भ्रमणध्वनीवर आली तर ती पुढे पाठवू नये. आणि सभेत ऐकू आली तर वक्त्यास नम्रपणे विचारावे की महाराज, पिलांना कोण घालत होते? मग बाहेर येऊन आकाशाकडे पाहावे. गरुड नसला तरी घार आपल्या प्रत्येक शहरावर आहे. उन्हाळ्यापावसाळ्याच्या दिवसांत तिच्या पसरलेल्या पंखांकडे नीट पाहिले तर पुष्कळदा एका बाजूस एखादे पीस नाही असे दिसेल, आणि दुसऱ्या बाजूसही बहुधा तेथेच तेवढी खाच असेल. ती खाच घेऊनच ती उकिरड्यावर झेप घालीत असते आणि पिलांचा घास घेऊन परतत असते.